उजवी बाजू

सासवड मागं पडतं, अंजिराच्या बागा संपतात,
तिथं खोपेवाडीचा फाटा.
देऊळ अठ्ठावीस फूट लांब, सोळा रुंद,
भिंती मात्र अडीच फुटी.
टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं,
तर किल्ली सांभाळणाऱ्या एस्तेरबाई ओहोळांनी
पदर खोचला आणि धरलं.

बाहेरून म्हणाल तर धान्याचं कोठार.
आत पाऊल टाकलं
आणि भिंत वळू लागली.
एक सरळ रेघ सापडेना.
महिरपीनं मध्येच अंग मुरडलेलं,
कोपऱ्यांनी कोपरेपण सोडलेलं,
चुना असा वर आलेला
की उतू जाणाऱ्या दुधाला कुणी दटावलं
आणि ते तसंच थांबलं.

माझ्या तक्त्यात रकाना होता : शैली.
मी लिहिलं, रोकोको.
मोठ्यानं वाचलंही.
‘कोंबडा आरवल्यागत वाटतंय,’ बाई म्हणाल्या,
‘पर ऱ्हाऊ द्या.’

मग त्यांनी सांगितलं ते असं :
पेशव्यांच्या तोफखान्यात मिंगेल नावाचा
गोव्याकडचा ओतारी होता.
तोफ फुटली, डावा डोळा गेला.
इनाम म्हणून हा खडक मिळाला.
एक डोळा राहिला, त्याचा नवस.
पेटीत एक चित्र होतं, समुद्रापलीकडून आलेलं,
कुठल्याशा खेड्यातल्या वेदीचं.
आणि गवंडी मिळाला येसू.
‘आपला येसू न्हवं,’ बाई घाईनं म्हणाल्या,
‘येसू लोणारी. चुन्याचा.’

चित्राची उजवी बाजू वाळवीनं खाल्लेली होती.

म्हणून डावीकडं शिंपला आहे शिंपल्यासारखा,
कडेला फेस, फेसात परका गुलाब.
येसूनं समुद्र पाहिला नव्हता.
त्यानं कागदावर बोट फिरवलं,
बोटाला जेवढं कळलं तेवढं चुन्यात उतरवलं.

उजवीकडं कागदच नव्हता.
उजवीकडं बैलाच्या गळ्यातली कवडी,
आधी मुठीएवढी, वर जाता जाता परातीएवढी.
घोसाळ्याच्या वेलाचे तणावे.
एक सीताफळ, डोळे पडलेलं, परवा पिकेल असं.
आणि देवदूत :
गाल फुगलेले, पंख पारव्याचे,
कानात भिकबाळी.

हिरडा, गूळ, बेलाचा गर, तागाचे तुकडे,
घाणीत सात दिवस फिरलेला चुना.
मी नख लावून पाहिलं. नख झिजलं.
सोन्याचा वर्ख डावीकडंच संपला,
उजवीकडं बेगड.
चौऱ्याहत्तर साली पोरांनी ऑइलपेंट मारला, आकाशी.
त्याचे आता पोपडे सुटतात,
खाली गुलाबी, गुलाबीखाली पिस्त्याचा,
पिस्त्याखाली रंग नाही,
नुसता चुना, अंड्याच्या कवचासारखा,
हात लावला तर गार.

पुण्यात कॉलेजातल्या सरांना फोटो पाठवले.
ते म्हणाले, ‘वा!
दोन बाजू सारख्या नसणं हेच तर या शैलीचं मर्म.
गवंड्याला बरोबर उमगलं होतं.’
पुढच्या खेपेला मी ते बाईंना ऐकवलं.
त्या स्टुलावर चढून, वयाच्या बहात्तराव्या वर्षी,
भिकबाळीवरची धूळ पदरानं टिपत होत्या.
‘उमगायचं काय त्यात?’ वरूनच म्हणाल्या,
‘कागुद संपला, भित उरली व्हती.’

मधल्या बाकावर मी बसून पाहिलं.
तिथं मिंगेल बसत असे म्हणतात.
डावा डोळा हातानं झाकला.
शिंपला गेला. फेस गेला. वर्खाचं सोनं गेलं.
समोर राहिली कवडी,
सीताफळ,
आणि ते पोर, आत्ता हसेल असं.
त्या माणसानं उरलेलं आयुष्य
न पाठवलेल्या चित्रापुढं प्रार्थना केली.

तक्त्यात शेवटचा रकाना होता : दोष.
मी पेनचं टोपण काढलं.
बाहेरून कुलपाचा आवाज आला, मग बाईंचा :
‘आटपा बिगीबिगी,
चारची यष्टी थांबायची न्हाई.’