राखीव

ओविदिओ, तुझी वही अजून धुण्याच्या यंत्रावरच आहे,
पेन्सिल दोऱ्याला बांधलेली.
*धुणं अकरानंतर.
पंप आणि इस्त्री एकत्र नको.
तीनला अवोकाडोची सावली दोन पॅनेलांवर. भात त्याआधी.*

तीस वर्षं कंपनीच्या खांबांवर चढलास,
आणि म्हातारपणी खांबांवरचा विश्वास उडाला तुझा.
वादळानंतर उतुआदोच्या या डोंगरावर
सात महिने अंधार होता.
तू म्हणायचास, तार म्हणजे सोयरीक,
तोडायची नाही,
पण तिच्या भरवशावर झोपायचंही नाही.

म्हणून छपरावर आठ पॅनेल, ओसरीच्या भिंतीला बॅटरी,
आणि तुझ्या नाकाला नळी लागल्यावर
इन्व्हर्टरमध्ये एक आकडा:
राखीव, चाळीस टक्के.
ऑक्सिजनच्या यंत्राची एक अख्खी रात्र, वर थोडी पहाट.
उरलेल्या साठांचं काहीही होवो,
दुपारी उतू गेलेलं तारेला उसनं द्या,
रात्री मागून आणा,
या चाळिसांना हात नाही.

फेब्रुवारीत दुकानाचा माणूस आला
आणि यंत्र सही घेऊन परत नेलं.
आकडा राहिला.

संध्याकाळी फोनवर निरोप येतो:
बेटावर वीज कमी आहे,
सहा ते आठ आपल्या बॅटरीतून घेऊ,
आपला राखीव साठा तसाच राहील.
घ्या म्हणते. सान हुआनमध्ये कुणाची लिफ्ट चालते त्यावर,
कुठल्या हॉटेलचा बर्फ होतो, मला काय ठाऊक.
चाळिसावर कंपनी आपणहून थांबते,
आजाऱ्याच्या खोलीशी पाहुणा थांबावा तशी.

होएल ऑर्लँडोहून म्हणतो, आई, दहावर आण.
युनिटमागे पैसे देतात ते.
कुणासाठी ठेवतेस?
वादळासाठी, म्हटलं मी.
खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.
तुला सांगते, वीज गेली की
मी फ्रिजसुद्धा बंद करायची,
भरल्या बॅटरीशेजारी मेणबत्ती लावून बसायची,
आकडा हलू नये म्हणून.

काल आठला कंपनीने आपलं घेतलं, थांबली.
साडेआठला डोंगर विझला.
कोकी बेडूक तेवढे ओरडत राहिले,
त्यांना मीटर नाही.
मी मेणबत्ती शोधत होते, तर कुंपणाशी
मिग्दालियाचा नातू, हाद्रिएल,
खांद्यावर नारिंगी वायरचं वेटोळं.
दोन्या एनेइदा, माझ्या पेटीत एकवीस अंडी आहेत.
आज एकोणिसावा दिवस.
एवढंच बोलला. हिशोब माझ्यावर सोडला.

पेटी म्हणजे थर्मोकोलचा डबा,
आत एक दिवा, पाण्याची वाटी.
वायर लावली.
आणि स्वयंपाकघरात उभी राहून पडद्याकडे बघत बसले.
चाळीस.
चाळीस.
एकोणचाळीस.

काही झालं नाही.
कुणाचा श्वास अडकला नाही.
घर होतं तसंच उभं.

मग मिग्दालियाचा फ्रिज लावला. मग आपला.
मग पंखा, तुझ्या खोलीतला,
आणि तिथेच झोपले, तुझ्या बाजूला,
म्हणजे भिंतीच्या बाजूला.
रात्रीतून दोनदा उठले. एकदा आकडा बघायला,
एकदा अंड्यांना कान लावायला;
पोरगा ओसरीतच निजला होता, वायरीवर पाय टाकून.

सकाळी बावीस.
धुकं खाली दरीपर्यंत, पॅनेलांवर दव,
नऊशिवाय काही येणार नाही.
होएलला कळवलेलं नाही. आकडा दहावर आणला नाही,
चाळिसावरही नेला नाही, बघू.
पेन्सिलीला टोक केलं.
तुझ्या शेवटच्या ओळीखाली
दोन बोटं जागा सोडून लिहिलं:

*रात्र, तार बंद. बावीस टक्के. धुकं.
एका अंड्याला चीर.
आज धुणं नाही.*