डावी फळी

भाचीच्या मुलीने कुठूनतरी पैदा केले
पहिले सहा भाग, ‘यान क्रमांक अकरा’चे.
चित्र पिवळट, खाली एक पांढरी रेघ
सारखी थरथरतेय.
चेंबूरला, सातव्या मजल्यावर, पंख्याखाली
आम्ही दोघं, मध्ये भडंगाची परात.

शलाका इंजिनियरिंगला. पहिल्याच मिनिटाला म्हणाली,
आबा, निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज कसा?
म्हटलं, तो कुकर आहे.
खांडेपारकरांच्या घरचा, आठ लिटरचा,
शिट्टी काढून रेकॉर्ड केलेला.
हे काही उत्तर नव्हतं, मलाही कळतंय.

हेच खांडेपारकर कॅप्टन.
नाटकातला माणूस, बोलतो ते
शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही पोचावं असं.
कॅमेरा हातभरावर आहे
हे त्यांना कुणी सांगितलं नसेल,
किंवा सांगितलं असेल आणि पटलं नसेल.

अकरा माणसांच्या यानात बाई एकच.
तिचं वाक्यही एकच:
‘पण कॅप्टन, इंधन?’
सहा भागांत सात वेळा. शलाकाने मोजलं.
एकदाही कुणी उत्तर देत नाही.
मी तिथे होतो, रोज होतो,
मला हे तेव्हा खटकलं नव्हतं.

परका ग्रह म्हणजे वडाळ्याची मिठागरं,
पहाटे साडेपाच, भिंगावर लाल जिलेटिन.
मागे माहुलच्या रिफायनरीची ज्योत आली फ्रेममध्ये,
ती काढता येईना,
तेव्हा लेखकाने मांडीवर वही घेऊन लिहिलं:
‘या ग्रहाला दोन सूर्य आहेत.’
हे मात्र अजूनही झकास वाटतं.
मग हवा नसलेल्या आकाशातून
डावीकडून उजवीकडे, सावकाश,
एक कावळा जातो.
शलाका लोळलीच.
म्हणाली, कुणाचा तरी दहावा असेल तिथे.

दार तरी बरं केलंय तुम्ही, ती म्हणाली,
मधोमध फाकतं, सर्रकन.
म्हटलं, उजवी फळी मी.
डावी, पागधरे. केळव्याचा.
प्लायवूडमागे दोघं उकिडवे,
कपाटाची चाकं, खोबरेल, सुतळी.
एकमेकांना दिसायचो नाही.
तो नाक ओढायचा, की खेचायचं.
भविष्यकाळ असा उघडायचा, रोज बारा रुपयांत.

आणि चौथा भाग.
कॅप्टन धावत येतात, उजवी फळी जाते,
डावी जात नाही.
एक. दीड. खांदा घासून खांडेपारकर
तिरके आत शिरतात, चेहरा तसाच करारी.
मग डावी फळी हलते, ओशाळल्यासारखी.
रिटेक नव्हता, फिल्म मोजून आणलेली.
दोघांचेही पाच-पाच कापले.

चहाच्या टपरीवर मी त्याला शिव्या घातल्या.
झोपला होतास काय?
नाही रे, म्हणाला,
फळीला भेग आहे ना, तिच्यातून बघत होतो,
पुढे काय होतं ते.
संहिता रोज त्याच्यासमोर वाचली जायची.
खांडेपारकर मरणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं,
संध्याकाळी त्यांचा विग तोच डब्यात ठेवायचा.

लिहिणं भाबडं, वेग कासवाचा, विज्ञान शून्य.
शलाकाचं सगळं मला मान्य आहे.
तिच्याहून चार दोष मीच जास्त दाखवले,
माइकची सावली, तोच बोळ तीनदा,
राक्षसाच्या मनगटावरचं घड्याळ.
फक्त त्या दीड सेकंदाबद्दल
माझं मत तिच्यासारखं नाही.

मागे घे, म्हटलं. अजून मागे. थांबव.
फळ्यांच्या मधल्या काळोखात, डाव्या कडेला,
काहीतरी ओलसर चमकतंय.
टेपचा डाग आहे, ती म्हणाली.
असेल.

सातवा भाग? तिने विचारलं.
सातवा झालाच नाही. पैसे संपले.
ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली,
मग त्या बाईच्या आवाजात,
हुबेहूब,
म्हणाली.