छाट

मुंबईहून चौघे आले होते. त्यातल्या दोघांची नावं
मी फक्त ई-मेलच्या तळाशी वाचलेली.
मीटिंग रूमचा एसी अठरावर,
बाहेर अक्कलकोट रोडवर त्रेचाळीस,
आणि माझे तळहात
दोन्हीकडे दुर्लक्ष करून आपले ओले.

आदल्या रात्री गच्चीवर
पाण्याच्या टाकीला सगळं ऐकवलेलं, तीनदा.
टाकीने एकही प्रश्न विचारला नाही.
पलीकडून बोल्लीकाकू तेवढ्या म्हणाल्या,
"कुणाशी भांडायलीस गं एवढ्या रात्री?"

पहिली स्लाइड:
अंबिका येमूल, क्वालिटी, शेड नंबर तीन.
नाव तरी धड आलं.
दुसरीवर आवाज तुटला.
'सेकंड्सचं प्रमाण' इतकंच म्हणायचं होतं,
'प्रमाण'च्या अलीकडे घसा सुकला
आणि डोक्यात आकडे तेलुगूतून पळत सुटले,
ओकटी, रेंडु, मूडु,
लहानपणी अंधारात जिना उतरताना पळायचे तसे.

एकाने घड्याळ पाहिलं.
एकाने बिस्किट उचललं, परत ठेवलं.

कोरड्या हवेत ताणा तुटतो.
हेच तर सांगायला उभी होते मी!
आर्द्रता साठच्या खाली गेली की
सूत ठिसूळ होतं, माग थांबतो, दिवा लागतो.
दिवा लागला म्हणून नरसप्पा
कुणाची माफी मागत नाही.
चालत येतो. तुटलेलं टोक हुडकतो.
बोट ओलं करून गाठ मारतो,
कळ दाबतो.

मी ग्लास उचलला.
सगळ्यांसमोर पाणी प्यायले, घटाघटा, आवाज करत.

मग कुठून कोण जाणे, आईचा चेकर आठवला.
विडी कारखान्याच्या खिडकीत बसलेला,
आईच्या हजार विड्यांतून मूठ उचलून
एकेक चिमटीत दाबणारा, बाजूला भिरकावणारा.
छाट. छाट. ही पण छाट.
आई टोपली धरून उभी, मी पदराआड.
तिचे हात थरथरायचे.
मला वाटायचं, टोपली जड आहे.
एकदा मात्र ती बोलली,
"पानच फाटकं दिलंय तुम्ही, साहेब.
माझ्या बोटात खोट नाही."
तेव्हाही हात थरथरतच होते.
टोपली तर रिकामी होती.

"सर," मी म्हणाले, "सूत चांगलं आहे.
माणसंही चांगली आहेत. शेडची हवा वाईट आहे."
रिमोट हातात हलत होता,
लाल ठिपका आलेखभर नुसता नाचत होता.
नाचू दिला.

बिस्किटवाल्या साहेबांनी विचारलं, "खर्च किती?"
आकडा मराठीत आला.
घड्याळवाले फोनवर बोलत बाहेर गेले ते गेलेच.
उरलेले म्हणाले, "बघू."
बघू म्हणजे काय, ते एप्रिलमध्ये कळेल,
किंवा शेड नंबर तीनला कधीच कळणार नाही.

घरी आई सूप मांडीवर घेऊन
दाराशी पान कातरत बसलेली.
वर न बघता विचारलं,
"किती छाट?"
"दोन. शेवटच्या दोन राहूनच गेल्या."
"हजारात?"
"बारात."
कातर थांबली. तिने जरा हिशेब केला.
"चेकर नवा होता काय?"