प्रकरण सातवं

मुलगी विचारते, सहा प्रकरणं टाइप झाली, सातवं कुठंय?
मी म्हणतो, शाई संपली.
टाइपरायटरला रिबन लागते, शाई नाही, हे तिला ठाऊक आहे.
ती कॉफी ठेवते आणि जाते.

पहिल्यात मी आहे. अलोन्झो पेटीवे, बिल्ला तीनशे अठरा,
ओहायो नदीकाठचं ठाणं, तळघर, बॉयलरच्या शेजारी
आम्हा चौघा काळ्यांची लॉकरं.
वर जागा होती.
गोऱ्या माणसाला बेड्या घालायची मला मुभा नव्हती.
धरून ठेवायचं, फोन करायचा,
मग कुणी कोवळा गोरा शिपाई यायचा
आणि माझ्या मुठीतून त्याचं मनगट सोडवून घ्यायचा,
विसरलेली छत्री परत न्यावी तसं.

दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत मेलेली माणसं.
टॅक्सीवाला रूफस ड्रेटन, मीटर चालूच, अडीच डॉलर झालेले.
दुकान बंद करणारा न्हावी, किल्ली अजून कुलपात.
दोघं भाऊ, एका आठवड्याच्या अंतरानं.
बसस्टॉपवरचा क्लीओफस वेब, वय सतरा.
त्याच्या आईला आम्ही एकच बूट परत दिला,
दुसरा पुरावा म्हणून ठेवून घेतला.
ती पिशवी कुणी कधी उघडली नाही.

दर वेळी बावीसची एकच गोळी, कानामागे.
दर वेळी कॅप्टन फाइलवर लिहायचा: आपसातलं भांडण.
पेन्सिलनं लिहायचा.
खोडायला सोपं. खोडलं नाही.

मी पदरच्या पैशानं शहराचा नकाशा आणला, लाल टाचण्या आणल्या.
एका सोमवारी भिंत मोकळी,
नकाशा घडी घालून माझ्या टेबलावर, टाचण्या कचऱ्यात.
तो नकाशा अजून आहे. खिडकीशी धरला
की पाच भोकांतून ऊन येतं,
वीटभट्टीच्या रस्त्याला लागून, एका रांगेत.
त्याच रस्त्यानं एक फिकट निळी गाडी घरी जायची.
लहान मूलही बोट ठेवून सांगेल.

आता सातवं.

वरून हुकूम आला, कोपऱ्यावर दिसेल त्या पोराला उभं करा.
कुठल्या पोराला, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.
मी एकाला भिंतीला लावलं. हात वर, पाय लांब.
खिशात चर्चच्या गायनवर्गाचं पत्रक,
रुमालात अर्धं खाल्लेलं सफरचंद.
म्हणाला, सर, तुम्ही पेटीवे बाईंचे ना?
दुसरीत मला त्याच शिकवायच्या.
मी म्हणालो, तोंड भिंतीकडे.

मागून एक गाडी हळू झाली.
दिव्यांचा उजेड विटांवरून सरकला,
पोराच्या मानेवरून, माझ्या हातावरून.
रंग कळला नाही. रात्री निळा रंग राखाडीच दिसतो, असं मी
तेव्हापासून स्वतःला सांगत आलोय.
आतल्या माणसानं हात केला, शाबास म्हणावं तसा.
मीही हात केला. सवयीनं.

तीन चौक पुढे, दहा मिनिटांनी,
गोदामाचा पहारेकरी आयझेया मॉस.
त्याच्या वाट्याला टाचणी आली नाही.

पुढे तो माणूस पकडला गेला, दुसऱ्या राज्यात,
एका खोट्या चेकपायी. आपणहून सगळं बोलला.
वर्तमानपत्रात फोटो आला, कॅप्टनचा.
कडेला दार उघडं धरणारा हात माझा आहे,
मनगटापर्यंत.

त्या पोराचं नाव मी विचारलं नव्हतं.
बायकोला ठाऊक असणार.
त्यानंतर एकोणीस वर्षं आम्ही एका टेबलाशी जेवलो,
मीठ मागितलं, लोणी मागितलं,
ते नाव मागितलं नाही. आता ती नाही.

खात्यात प्रकरण बंद करता येतं.
मुलीनं नवी रिबन आणून ठेवलीय, काही न बोलता.
मी एका बोटानं टाइप करतो,
मी भिंतीला लावलेल्या मुलाचं नाव
आणि पुढे जागा सोडतो,
टाचणी मावेल एवढी.