सतरावी स्लाइड

दुक्म. सकाळचे पावणेसहा.
पोर्टा केबिनचा एसी खोकतोय
आणि बेचाळीस माणसं कोऱ्या बुटांत
पाय कुठे ठेवावेत अशा संकोचानं बसलीत.
सालिम अल-जुनैबी इंग्रजीत एक वाक्य बोलतो
आणि माझ्याकडे बघतो.
मी ते हिंदीत करतो.
ज्यांना हिंदी येत नाही ते शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतात.
असं एकेक वाक्य खोलीभर
आग विझवायच्या बादलीसारखं हातोहात जातं,
शेवटच्या रांगेत किती उरतं
ते मी नऊ वर्षांत मोजलेलं नाही.

हेल्मेट. चष्मा. हार्नेसचे दोन हूक,
एक सोडायच्या आधी दुसरा अडकवायचा.
हे न सांगताही कळतं त्यांना.
माडावर चढलेला, विहिरीत उतरलेला माणूस
जन्मात कधी दोन्ही हात सोडत नाही.

मग सतरावी स्लाइड.
लाल पंजा, खाली तीन शब्द.
मी म्हणतो, खतरा लगे तो काम रोक दो,
कोई कुछ नहीं बोलेगा.
बेचाळीस माना हलतात.
पुढची स्लाइड.

शेवटी वीस प्रश्न.
सोळा बरोबर आले की हेल्मेटवर हिरवा स्टिकर.
पोशेट्टीला वाचता येत नव्हतं.
जगत्यालचा, पण देगलूरकडच्या वीटभट्टीवर
चार हंगाम काढलेले, म्हणून मराठी बोलायचा.
बाणकोटच्या माझ्या कानाला ती
उन्हात वाळत घातल्यासारखी लागायची.
प्रश्न चौदावा मी वाचून दाखवला:
पट्टा उसवलेला दिसला तर?
अ, गाठ मारू. ब, दुसरा मागू. क, तसाच वापरू.
“दुसरा मागतो,” म्हणाला. “अन् दुसरा न्हाई म्हणले तर?”
कागदावर तेवढंच होतं.
मी ‘ब’वर खूण केली.
त्याच्या पेपरावरच्या वीसही खुणा माझ्या पेनाच्या,
आणि त्यातल्या सहा तर उत्तरंही माझीच.

जुलैत इथे समुद्रावरून वारा सुटतो,
महिना महिना खाली बसत नाही.
तशा एका दुपारी टाकीच्या माथ्यावर
पोशेट्टीनं हात वर केला.
पाची बोटं फाकलेली, हुबेहूब चित्रातली.
क्रेन थांबली. पत्रा हवेत तसाच,
गळाला लागलेल्या पापलेटासारखा
एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे.

फोरमन कुरियननं मला जीपमधून तिथं नेलं.
विचार त्याला, दोर तुटला? कोण पडलं?
मी विचारलं.
पोशेट्टी शिडीला पाठ लावून उभा.
“काही झालं न्हाई,” म्हणाला. “भ्या वाटलं.”

ह्या दोन शब्दांचं सरळ भाषांतर मला येत होतं.
ते केलं असतं तर संध्याकाळी
त्याचा उंचीवरचा पास गेला असता
आणि पासाबरोबर रोजचे दीड रियाल.
मी म्हणालो, तो म्हणतोय, वारा जास्त आहे.
सालिमनं मीटर वर धरला.
आकडा मर्यादेच्या आत होता.
सालिम इथलाच, चुलते अजून ह्याच वाऱ्यात होड्या ओढतात.
त्यानं समुद्राकडे बघितलं, मीटर खिशात टाकला.
थांबू या, म्हणाला.

चाळीस मिनिटं थांबलो.
वारा वाढला नाही, काही तुटलं नाही,
पत्रा नंतर सुखरूप जागेवर बसला.
रजिस्टरात काय लिहायचं, मला सुचेना.
पुढचे तीन शुक्रवार पोशेट्टीला ओव्हरटाइम मिळाला नाही.
कारण कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.
मेसमध्ये भेटला की डाळ ढवळत म्हणायचा,
“मास्तर, बराबर उत्तर दिल्तं ना मी?”

आज नवी तुकडी. अडतीस.
सतरावी स्लाइड, लाल पंजा.
खतरा लगे तो काम रोक दो, मी म्हणालो,
आणि पुढचं वाक्य जिभेवर आलेलं गिळलं.
लोग बोलेंगे, म्हणालो. पैसा भी कटेगा शायद.
फिर भी रोक दो.

माना हलल्या नाहीत.
मागे कुणीतरी खुर्ची ओढली.
सालिमला हिंदी येते, हे मला तेव्हा कळलं:
तो काही बोलला नाही,
फक्त पुढच्या स्लाइडचं बटण
बराच वेळ दाबलं नाही.