शेळीला सांगितलेलं

तिचं नाव सागर.
आमच्या गावात या शब्दाचा अर्थ चिंधी.
कुणाला हवीशी वाटू नये, म्हणून.

हिच्याआधी एक मुलगा होता, त्याला मी चांगलं नाव ठेवलं होतं.
त्याच्याशी दिवसभर बोलायचे.
त्याच्या भुवया, त्याची टाच,
बाजरीच्या पिठात उमटलेला तळवा,
सगळ्याचं कौतुक, मोठ्यानं.
आठव्या महिन्यात तापानं गेला.
विहिरीवर कुणी काही म्हणालं नाही.
फक्त एकीनं दोर ओढता ओढता विचारलं,
"तिन्हीसांजेलाही बोलायचीस?"

तेव्हापासून मी तोंड शिवून घेतलं.
सागरला पाठीशी बांधलं की
तिचा चेहरा मला दिसत नाही, हे बरं.
पाजताना मी कुंपणाकडे बघते.
दवाखान्यातल्या उलिमाताला वाटतं,
आम्हां सेरेर बायकांना लेकरांशी बोलणं माहीत नाही.

ती मंगळवारी येते, स्कूटरवर.
गोरखचिंचेखाली चटई टाकते,
चित्रांचं पुस्तक उघडते: कोंबडी, होडी, चंद्र.
म्हणते, टेनिंग, तिच्या डोळ्यांत बघ ना.
हातात काय काम आहे ते सांग तिला.
पहिल्या वर्षांत मूल दुधावर वाढतं तसं शब्दांवर वाढतं.
बायका मान हलवतात.
मीही हलवते, मान हलवायला काय जातं.
तिची तिन्ही जिवंत आहेत.

पण तोंड शिवलं तरी
बोलणं कुठं जाणार?
ते उखळात गेलं.
मुसळ उचलताना म्हणायचे, ऊठ गं,
आपटताना, बस.
बाकीचं सगळं शेळीला:
द्येगान अजून भुईमुगातून परतला नाही,
मीठ नाही,
वारा समुद्राकडून आहे, कपडे वाळायचे नाहीत,
ही पाठीवरची चिंधी जड व्हायला लागलीय,
कामाची नाही काही, 
मीठ नाही, ऐकतेस ना, तुझ्याशीच बोलतेय.
शेळी रवंथ करत ऐकायची.
माझ्या पाठीलाही कान होते,
हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

द्येगानचंही तेच.
बाप तान्ह्याशी बोलत नाही, चारचौघांत शोभत नाही.
तो तिच्यासमोर शेंगा फोडत बसायचा,
एकेक दाणा जमिनीवर मांडायचा,
पुटपुटत मोजायचा, आपल्याआपणच,
आणि सातावर दर वेळी चुकायचा.
शेतकऱ्याला सातापुढं येत नाही का रे, मी विचारलं.
म्हणाला, ती हसते.

परवा
शेळीनं कुसकुसच्या टोपल्यात तोंड घातलं.
मी मुसळाशी, दोन्ही हात गुंतलेले.
मागून आवाज आला, माझाच, पण बारीक,
माझ्याच रागाचा:
"मीठ नाही!"

शेळी आधी दचकली की मी, सांगता येत नाही.
मुसळ उखळात तसंच उभं.
गाठ सोडली, तिला पुढं घेतलं.
दीड वर्ष मी कुंपण बघत होते.
भुवया त्याच्यासारख्या नाहीत. 
मला वाटलं होतं, असतील.

"आहे," मी तिला म्हणाले.
"काल आणलं बाबांनी, काओलाकहून.
तुला सांगायचं राहिलं."

उलिमाताला यातलं काही बोलले नाही.
होडीचं पान तेवढं मागून घेतलं,
भिंतीला लावलंय, सागरच्या उंचीवर.
उजेड असेतो मी तिला सांगते, 
होडी, मीठ, वारा, बाबा येतील.
दिवस कलला की अजूनही शेळीलाच.
तिला हा फरक कळतो.
अंधारून आलं की तीही आवाज उतरवते,
शेळीच्या कानाशी जाते
आणि माझ्याबद्दल
काहीतरी सांगत बसते.