रात्रपाळी, अक्कलकोट रोड

अडीचला वीज गेली.
बावीस माग एकदम गप्प,
कानांत मात्र धोटा चालूच.

बाहेर आलो. फरशी अजून कोमट.
गज्जमचा पोरगा मोबाईल पुढे करत म्हणाला,
मामा, आभाळातून दगड येतोय,
सिद्धेश्वर तळ्याएवढा.
मग बोटाने खाली सरकवत:
जवळून जाईल. लागायचा नाही बहुतेक.

बहुतेक.
सोलापुरात पाणी बहुतेक गुरुवारी येतं.

लोणारला पडलाच होता की, तो म्हणाला.

चादरीला ताणे किती रे?
दोन हजारांवर.
भीती वाटते त्यांची?
छे.
मग पाठ फिरवून झोपतोस?
तो हसला. गेल्या महिन्यात
एक तुटलेला दिसला नाही त्याला,
मोराच्या मानेतून रेघ गेली सरळ,
अख्खा गठ्ठा सेकंडात.

कुठल्याशा डोंगरावर
असंच कुणी जागं असेल आत्ता,
चहा गार झालेला,
काळ्या ताण्यातला सरकता ठिपका शोधत.
त्याची तरी वीज न जावो.

दिवे आले. माग खडखडले.
पोरगा कानाशी ओरडत होता,
मग काळजी करायची का नाही?
मी सात नंबरवर वाकलो होतो,
थुंकी लावून
गाठ मारत.